अणशीची वाट, मामांची गाडी आणि आईचं सुपा

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी मी, माझी आई आणि आठवीतला भाचा असे तिघं बेळगावहून उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अणशी राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत आलो. गाडी भाड्याची होती. गाडी कशी होती, ड्रायव्हर कसा होता, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाण्यासारखी वाट आहे का, असं शाळेतल्या दोघीतिघींनी विचारलं. मधल्या सुट्टीत सांगून ते संपत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

आधी गाडीवाल्याबद्दल. पिरनवाडीकडचे एक गृहस्थ आहेत, पन्नाशीतले. स्वतःची एकच एर्टिगा आहे आणि तीच ते चालवतात. ऑफिस नाही, बोर्ड नाही. ओळखीतली कामंच महिनाभर पुरतात, नाव कुठं छापू नका, असं त्यांनी निक्षून सांगितलंय, त्यामुळं इथंही मी त्यांना मामाच म्हणते. आमच्या गल्लीत सगळे तेच म्हणतात.

गेल्या वर्षी मी हीच वाट एका दुसऱ्या गाडीतून केली होती. आम्ही सहकारी शिक्षिकांनी मिळून एका ट्रॅव्हल्सची मोठी गाडी ठरवली होती. तो ड्रायव्हर बिचारा आदल्या रात्रीच्या ट्रिपवरून सरळ आलेला, डोळे तांबडे. जंगलात शिरल्यावरही गाणी मोठ्यानं चालू, प्रत्येक वळणावर हॉर्न. सुपा धरणाखालच्या गणेशगुडीला पुलावर गाडी उभी करून म्हणाला, "पाच मिनिटं, फोटो काढा आणि चला." घरी येऊन मी आईला फोटो दाखवले. धरणाची भिंत बघून ती काही बोलली नाही. मग दोन दिवसांनी भाजी निवडताना म्हणाली, "पाणी कुठं दाखवलंच न्हाईस." तेव्हापासून तिला घेऊन जायचं माझ्या डोक्यात होतं.

माझ्या आईचं माहेर सुपा. म्हणजे जुनं सुपा, काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं, तालुक्याचं गाव. ते आता सुपा धरणाच्या पाण्याखाली आहे. तिचं लग्न होऊन ती बेळगावला आली तेव्हा गाव जागेवर होतं. १९८७ साली धरण पुरं झालं, तोवर माहेरची माणसं रामनगरला वसाहतीत आली होती. आई माहेरपणाला पुढं रामनगरला जायची. पाणी भरल्यावर तिकडं ती एकदाही गेली नव्हती. आता शहात्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात.

मामांना फोन केला तेव्हा दराआधी त्यांनी आईचीच चौकशी केली. आज्जींचं वय काय, गाडीत चढताना आधार लागतो काय, वळणाला मळमळतं काय, दर किती वेळानं थांबावं लागेल. माझ्या आजवरच्या अनुभवात असं कुणी विचारलेलं नाही. मग दर सांगितला: किलोमीटरला १३ रुपये, दिवसाला कमीत कमी २५० किलोमीटर धरणार, ड्रायव्हर भत्ता ४००, टोल आपला. परतल्यावर मीटरवर ३०२ किलोमीटर झाले होते. ३,९२६ अधिक ४००, म्हणजे ४,३२६ रुपये आणि वर टोल. थांबण्याचे वेगळे पैसे नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि पाळलं.

पहाटे साडेपाचला अनगोळात गाडी दारात आली. मामांनी डिकीतून एक बुटकं प्लास्टिकचं स्टूल काढलं, दारापाशी ठेवलं, त्यावर गोणपाटाचा तुकडा अंथरला. "आज्जी, पाय घसरायचा न्हाई. सावकाश." हे स्टूल दिवसभरात निदान दहा वेळा खाली-वर झालं असेल, एकदाही कंटाळा नाही. मागच्या सीटचे पट्टे चालू होते. पाण्याचा मोठा थर्मास, रिकाम्या पिशव्या, आल्याच्या वड्यांची डबी, सगळं गाडीतच. सुगंधी डबी मात्र लावलेली नव्हती, आईला त्या वासानं मळमळतं हे मी फोनवर बोलले होते, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

तिसरं रेल्वे गेट, उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे हे सगळं अंधारातच गेलं. गणेबैलच्या टोलनाक्यावर उजाडायला लागलं आणि दोन्ही अंगांना धुकं दिसलं. भाताची सुगी आटोपत आलेली, शिवारात गंज्या रचलेल्या, काही खळ्यांवर मळणी चालू. बेळगाव ते खानापूर हा रस्ता आता चौपदरी आणि चांगला आहे, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

खानापूरला मलप्रभेच्या पुलाजवळ पहिला थांबा घेतला. मामांनी ठरलेल्या हॉटेलात न नेता एका टपरीसमोर गाडी लावली. कारण विचारलं तर म्हणाले, "इथं बाकाला पाठ हाय, आज्जींना टेकता येतंय. आणि मागं संडास स्वच्छ हाय." दोन्ही खरं निघालं. गरम उप्पीट आणि चहा घेतला. भाच्याला मी नदी दाखवून सांगितलं, ही मलप्रभा कणकुंबीला उगवते, पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे हे पाणी बंगालच्या उपसागराकडे निघालंय. दोन तासांनी आपण बघू ते पाणी अरबी समुद्राकडे जाणारं असेल. आपल्या एका तालुक्याच्या अंगाखांद्यावर दोन समुद्रांचं पाणी वाटलं जातं, हे वर्गात नकाशावर दाखवताना मुलांना खरं वाटत नाही. त्या दिवशी भाच्याला वाटलं.

खानापूर सोडलं की रस्ता बदलतो. गुंजी आलं, झाडं रस्त्यावर झुकली. आईनं गुंजीच्या माउलीला गाडीतूनच हात जोडले. पुढं लोंढा. लोंढ्याला आईनं काच खाली करायला सांगितली. लग्न झाल्यावर ती सुप्याहून बसनं लोंढ्याला आली होती आणि इथून रेल्वेनं बेळगावला. तेव्हा ही मीटरगेज होती. "शालूवर कोळशाची काजळी पडली होती," असं ती म्हणाली, आणि हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मामांनी स्टेशनकडच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन हळूच उभी केली. कुणी सांगितलं नव्हतं. आईचं बोलणं संपेपर्यंत इंजिन बंद ठेवून बसले.

मला या सेवेबद्दल जे सांगायचंय ते हेच आहे. या वाटेवर ड्रायव्हरला नुसती गाडी चालवता येऊन भागत नाही, कुठं थांबायचं आणि कुठं मुळीच थांबायचं नाही, हे त्याला कळावं लागतं. मामांना ते कळतं. आपण पैसे मोजतो ते याचे.

लोंढ्यापुढं रस्त्याची परीक्षा आहे. बेळगाव-पणजी महामार्गाचा लोंढा-रामनगर-अनमोड हा भाग वर्षानुवर्षं खड्ड्यांचा म्हणून कुप्रसिद्ध. आता बराच सुधारलाय, तरी मधले काही तुकडे आमच्या दिवशी उखडलेलेच होते. मामा तिथं दुसऱ्या गिअरवर, एकेक चाक बघून घालत गेले. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. मामांनी डावीकडं घेऊन त्यांना वाट दिली, वेग मात्र वाढवला नाही. आईच्या गुडघ्यांना धक्का बसला नाही, याचं सगळं श्रेय त्यांना.

रामनगरच्या आसपास एका पुलावरून जाताना आई एकदम सरळ बसली. "ही पांढरी." खाली फार पाणी नव्हतं, खडकांमधून वाहणारी साधी नदी. पण हीच पुढं जाऊन सुप्यात काळीला मिळायची. एक काळी, एक पांढरी. संगमाच्या वरच्या बाजूला आईचं घर होतं आणि पावसाळ्यात दोन नद्यांच्या पाण्याचा रंग वेगळा दिसायचा, लाल आणि हिरवट, मधे रेघ ओढल्यासारखी, असं तिनं भाच्याला सांगितलं. तो फोन खाली ठेवून ऐकत होता.

रामनगरला मामाच्या (माझ्या सख्ख्या मामाच्या) घरी वीस मिनिटं थांबलो. गावात मराठी, कोंकणी, कन्नड तिन्ही कानावर पडतात, आणि जुन्या माणसांपैकी कुणालाही गाव विचारा, सुपा हेच उत्तर येतं. मामी आईला म्हणाली, "बघून ये जा, पण रडत बसू नको." ड्रायव्हर मामांना घरात बोलावलं, त्यांनी चहा घेतला, आणि तेवढ्यात टाकी भरून आणली. रामनगरनंतर पेट्रोलचा भरवसा धरू नये, आणि पुढं मोबाइलची रेंजही जाते येते, जोयड्यापलीकडं तर जवळजवळ नाहीच. जाणाऱ्यांनी रोख पैसे जवळ ठेवावेत.

रामनगरहून अनमोडची वाट सोडून आम्ही जगलबेटकडं वळलो आणि खरं जंगल सुरू झालं. ऐन, किंजळ, जांभूळ, मधेच बांबूची बेटं. ऐनाच्या खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, ती दाखवायला मी गाडी थांबवा म्हणाले, तर मामा म्हणाले, "इथं नको बाई. पुढं उघडं हाय तिथं थांबवतो." का नको, ते अर्ध्या मिनिटात कळलं. वळण घेतलं आणि समोर रस्त्यात गवा. पूर्ण वाढलेला, काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. मामांनी बऱ्याच अंतरावर गाडी थांबवली, दिवे बंद केले, हॉर्न नाही. गवा आमच्याकडं बघत राहिला, मग सावकाश उतारावर गेला. भाचा म्हणाला, गेला, चला. मामा हलले नाहीत. "एक गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं न्हवं. मागनं कळप येतोय." आणि खरंच, एकामागून एक सात जण आले, त्यात एक तांबूस पिलू. आम्ही काचा लावून मोजत बसलो. गेल्या वर्षीचा ड्रायव्हर असता तर त्यानं काय केलं असतं, हा विचार मनात येऊन अंगावर काटा आला.

गणेशगुडीला काळी नदीवरचा पूल येतो आणि वर धरणाची भिंत दिसते. १०१ मीटर उंच. बघताना मान मागं करावी लागते. नागझरीला जी वीज होते ती या साठ्याच्या जोरावर, पुढं कोडसळ्ळी, कद्रा ही धरणंही याच नदीवर, आणि कद्र्याच्या पाण्यावर कैगा अणुवीज केंद्र. पुलाखाली राफ्टिंगवाल्यांच्या रंगीत होड्या बांधलेल्या. तेही धरणातून पाणी सोडलं की चालतं, नाही तर बंद. जोयडा तालुक्यात उगवून कारवारजवळ समुद्राला मिळणारी १८४ किलोमीटरची ही नदी, आणि केवढं ओझं तिच्यावर. मी हे सगळं भाच्याला सांगत होते. आई भिंतीकडं बघत नव्हती. ती मामांना म्हणाली, "पाठीमागनं जाता येतं काय?"

मामा म्हणाले, भिंतीकडं आपल्याला सोडायचे नाहीत, पण जोयड्याच्या वाटेवर पाणी दिसतंय.

जोयड्याच्या अलीकडं एका वळणावर झाडं विरळ होतात आणि खाली सुप्याचा जलाशय पसरलेला दिसतो. डिसेंबर असल्यानं पाणी भरपूर. डोंगरांच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या, काही माथे बेटांसारखे. ऊन नुकतं वर आलं होतं. सुंदर दिसतं, हे लिहिताना मला अवघड वाटतं, पण दिसतं. स्टूल खाली ठेवलं, आई उतरली, दगडी कठड्यापाशी जाऊन उभी राहिली.

"संगम कुठं आला?" तिनं विचारलं. मला सांगता येईना. मामांनाही नेमकं ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी उगीच बोट दाखवून वेळ मारून नेली नाही. "मला म्हाईत न्हाई आज्जी. विचारूया." ते रस्त्यानं थोडं मागं चालत गेले आणि म्हशी चारणाऱ्या एका म्हाताऱ्या गवळ्याला घेऊन आले. गवळी सत्तरीचा असेल. आईनं माहेरचं आडनाव सांगितलं. त्यानं डोक्यावरचं कांबळं मागं सारलं. "संगमावरच्या?" मग काठी उचलून दाखवलं: तो डोंगराचा नाकाडा दिसतो, त्याच्या ह्या अंगाला काळी, पलीकडनं पांढरी यायची, बाजार मधल्या सपाटीला.

आई त्या काठीच्या रेषेत बघत राहिली. दोघं मग बोलत बसले, कुठलं घर कुठं होतं, बाजाराचा वार कुठला, कोण रामनगरला गेलं, कोण दांडेलीला, कोण वारलं. तो तिच्या थोरल्या भावाला ओळखत होता. माझ्या मनगटावरच्या घड्याळात पस्तीस मिनिटं झाली होती. मामा गाडीपाशी उभे होते. घड्याळाकडं एकदाही बघितलं नाही, इंजिन चालू केलं नाही, गाडी पुसायला घेतली नाही. मी जाऊन म्हणाले, उशीर होतोय का? "अणशी कुठं पळून जात न्हाई बाई." आईनं पदराच्या गाठीतून सुपारी आणि नाणं काढलं, कठड्यावरून पाण्याकडं टाकलं, हात जोडले. मामी म्हणाली होती तशी ती रडली नाही. माझं मात्र तसं राहिलं नाही.

जोयड्याला जेवलो. इथं तक्रार लिहायला हवी. जेवण जिथं घेतलं ते ठिकाण मामांनी सुचवलं नव्हतं. बाहेर मोठी पाटी बघून मीच हट्ट केला. आमटी आंबलेली होती, भात कालचा. सांगितल्यावर बदलून दिलं नाही आणि पैसे पुरे घेतले. आईनं जेवण टाकलं, केळी खाल्ली. मामांनी बाजारातून गरम इडल्या बांधून आणल्या, त्याचे पैसे घेईनात, मी जबरदस्तीनं दिले. पुढच्या खेपेला घरून डबा नेणार, हे ठरलं. मात्र जोयड्याच्या बाजारात एक चांगली गोष्ट मिळाली. कुणबी बायका कंद विकायला बसलेल्या, कोनफळ, करांदे आणि मुडली नावाचा मोठा कंद. जोयड्याचे कुणबी कंदांसाठी प्रसिद्ध आहेत, हिवाळ्यात इथं कंदांचा मेळाच भरतो. मुडली कशी शिजवायची, खाजू नये म्हणून चिंच किंवा आमसूल कधी घालायचं, हे त्या बाईनं आईला बैजवार सांगितलं. पाच किलो घेतली. डिकीत मामांनी वेगळं पोतं अंथरून ठेवली, माती सांडू दिली नाही.

जोयडा ते कुंभारवाडा, कुंभारवाडा ते अणशी हा टप्पा म्हणजे या वाटेचा गाभा. कुंभारवाड्याहून उळवीला फाटा जातो. उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे आणि माघातल्या जत्रेला धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या अजूनही जंगलातून येतात. मामा दरवर्षी त्या वेळी ही वाट टाळतात किंवा फार सावकाश चालवतात, बैल बुजतात म्हणून. कुंभारवाड्यापुढं झाडांची कमान इतकी दाट की दुपारी एक वाजता मामांनी काळा चष्मा काढून ठेवला. थंडगार. वास ओल्या पानांचा.

अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ साली झालं, म्हणजे धरण पुरं झालं त्याच वर्षी. दांडेली अभयारण्य त्याआधीचं, १९५६ चं. २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ च्या शेवटी त्याला काळी नदीचं नाव दिलं. आता तो काळी व्याघ्र प्रकल्प. वाघ आहेत, हत्ती आहेत, आणि काळ्या बिबट्यासाठी हे जंगल ओळखलं जातं. तुम्ही रस्त्यावरून जाताना यातलं काही दिसेल अशी आशा धरून जाऊ नका. जीपमधून सफारी हवी असेल तर ती दांडेलीकडं, कुळगी-फणसोळी भागातून असते, अणशीच्या रस्त्यावर नाही. बऱ्याच जणांची इथं फसगत होते, अणशीला पोचतात आणि "आता जीप कुठं" म्हणून विचारतात. मामा हे गाडी ठरवतानाच सांगतात. स्वतःचं भाडं बुडेल याची पर्वा न करता ते मला म्हणाले होते, "वाघ बघायचा असंल तर माझी गाडी नको, दांडेलीला जावा."

आम्हाला धनेश दिसला, मोठा. आधी आवाज आला, पंखांचा, कुणी सुपात भात पाखडावं तसा. मामांनी गाडी आधीच उघड्या जागी घेतलेली. "वर बघा, उंबरावर." पिवळी चोच, चोचीवर टोप, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची शेपटी. दोन होते. भाच्यानं दुर्बीण आईच्या डोळ्याला लावली, तिला ती जुळवता येईना, मग तिनं ती बाजूला केली आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं. लहानपणी सुप्यात हे घरावरून जायचे म्हणाली. शेकरूही दिसली, फांदीवरून फांदीवर, शेपूट मागं लोंबती. एवढं सगळं गाडीच्या दारापासून वीस पावलांत. शहात्तर वर्षांच्या बाईला जंगल बघायला मिळालं, तिला चालवावं लागलं नाही.

वनखात्याचा अणशीचा निसर्ग शिबिराचा परिसर बाहेरूनच बघितला, राहायचं नव्हतं. त्यापुढं अणशी घाट उतरून कद्रा आणि कारवार. घाटाच्या तोंडाशी जाऊन आम्ही मागं फिरलो. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात, रस्ता बंद पडतो, त्यामुळं जून ते सप्टेंबर या वाटेला आधी चौकशी केल्याशिवाय निघू नये. मामा त्या महिन्यांत अणशीचं भाडं घेतच नाहीत.

गाडीतल्या उणिवा सांगते, कारण नुसतं कौतुक वाचून कुणी फसू नये. तिसऱ्या ओळीची सीट मोठ्या माणसाला तीनशे किलोमीटरला पुरत नाही, पाय दुमडून बसावं लागतं. चारपेक्षा जास्त जण असाल तर दुसरी गाडी बघा. मागच्या एसीचा वारा दुपारी कमी पडत होता. आणि परतताना खानापूरच्या अलीकडं मामांनी चालवताना फोन घेतला. मी लगेच सांगितलं, मामा, फोन नको. त्यांनी "चुकलं" म्हणून ठेवला आणि पुढं वाजला तेव्हा गाडी कडेला घेऊन उचलला. सांगितल्यावर ऐकलं हे चांगलं, पण सांगावं लागायला नको होतं. पावतीही छापील मिळत नाही, कागदावर हिशेब लिहून देतात. ज्यांना कचेरीत बिल लावायचंय त्यांनी आधी बोलून घ्यावं. या चार गोष्टींमुळं मी पाचपैकी साडेचार देते. आईला विचारलं तर तिनं हिशेब न करता पाच सांगितले.

परतीला संध्याकाळी पाचच्या सुमारास जगलबेटचं जंगल ओलांडलेलं असावं, हा मामांचा नियम. त्यासाठी अणशीहून त्यांनी आम्हाला अडीचला उठवलं, भाचा थोडा रुसला. पण जगलबेट सोडलं तेव्हा झाडांखाली अंधार साचायला लागला होता आणि कडेला चितळांचे डोळे चमकत होते. तेव्हा त्यालाही पटलं असावं, गप्प बसला. साडेआठला अनगोळात घरी. स्टूल शेवटचं खाली आलं. मामांनी मुडलीचं पोतं वर स्वयंपाकघरापर्यंत नेऊन दिलं.

पैसे देत होते तेव्हा आईनं मधेच विचारलं, पाणी सगळ्यात कमी कधी असतं. मे अखेर, मामा म्हणाले, पावसाळा लागायच्या आधी. मग खिशातली छोटी वही काढून तिथंच उभ्या उभ्या त्यांनी मे महिन्याच्या पानावर लिहिलं, "अनगोळ आज्जी, सुपा," आणि मला म्हणाले, तारीख आत्ता नको, मी त्या गवळ्याला विचारून पाण्याचा अंदाज घेतो आणि मीच फोन करतो.